शपथविधीचे फोटो छापलेत, आता डिसेंबरातही शाळेत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै महिना लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते: ‘शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी उत्साहात’. सोबत फोटो असतो. गणवेशातली आठ-दहा मुलं रांगेत उभी, मुख्यमंत्र्याच्या डोक्याला फेटा, हात पुढे धरलेले आणि मागे फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं ‘लोकशाहीचा उत्सव’. अलीकडे मोबाइलवर मतदानयंत्र करतात, बोटाला शाईही लावतात. या बातम्या मी अगदी लक्ष देऊन वाचते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३४ वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची १० वर्षं माण तालुक्यातल्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. २०१९ साली निवृत्त झाले. असे शपथविधी मी स्वतः घडवून आणलेत, त्यांच्या बातम्या लिहून वार्ताहरांच्या हातात दिल्यात आणि छापून आल्यावर कात्रणं कापून शाळेच्या फायलीत लावलीत.

त्या फायलीत एक गोष्ट मात्र कधीच लागली नाही. त्याच मंत्रिमंडळानं डिसेंबरपर्यंत काय केलं, याचं एकही कात्रण तिच्यात नव्हतं. त्याबद्दलच हे पत्र आहे. जरा मोठं झालंय, पण आखडतं घेतलं असतं तर सांगायचं तेच राहून गेलं असतं.

निमित्त माझ्या नातीचं झालं. ती पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला आहे. यंदा तिला शाळेनं बिल्ला आणि खांद्यावरून आडवा घ्यायचा रेशमी पट्टा दिला. त्याआधी निवडलेल्या मुलांचं दोन दिवसांचं ‘लीडरशिप’ शिबिर झालं. त्याचे साडेचार हजार रुपये माझ्या मुलानं वेगळे भरले. शिबिरात कसं उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, आवाज कुठे चढवायचा, हे सगळं शिकवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. भित्र्या पोरीला चार लोकांत बोलता आलं तर चांगलंच आहे. मी तिला विचारलं, “मग आता तुझं काम काय गं?” ती म्हणाली, “आजी, मधल्या सुट्टीत जिन्यात उभं राहायचं. जो पळेल, जो मराठीत बोलेल, त्याचं नाव लिहून बाईंना द्यायचं.” थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “मी सईचं नाव लिहिलं. ती आता माझ्याबरोबर डबा खात नाही.”

(सई हे तिच्या मैत्रिणीचं खरं नाव नाही, मी बदललंय.)

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिच्या शाळेनं जे केलं तेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. आमच्याकडे पट्टा नव्हता, खडू होता एवढंच. वर्गातून बाहेर जाताना प्रत्येक शिक्षक मॉनिटरच्या हातात खडू देतो आणि सांगतो, “बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही.” मॉनिटर कोण, तर बहुधा पहिल्या नंबरचा मुलगा किंवा मुलगी. फळ्यावर नावं पडतात, पुढे फुल्या वाढत जातात, दोस्तांची नावं पुसली जातात, ज्याच्याशी भांडण झालंय त्याचं नाव ठळक होतं. आपण याला जबाबदारी शिकवणं म्हणतो. त्या पोराला मात्र एवढंच कळतं की पुढारी म्हणजे वरच्या माणसाला खालच्यांची नावं देणारा. चाळीस मुलांपैकी एकाला पहारेकरी करायचं आणि उरलेल्या एकोणचाळिसांना त्याच्यापासून लपायला शिकवायचं, हा धडा पुस्तकात कुठेच नाही, आणि तरी आपल्याकडे सगळ्यांत पक्का तोच होतो.

मला हे कळलं तेही एका सहावीतल्या मुलीमुळे. ते सांगते.

२०१२ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या भागात पावसानं पाठ फिरवली होती. माण-खटावातल्या लोकांना ते वर्ष सांगावं लागत नाही. जनावरं छावणीला गेली होती, थंडीच्या दिवसांतही गावात टँकर चालू होता. जुलैमध्ये शाळेत रीतसर निवडणूक झाली, चिठ्ठ्यांवर शिक्के मारले, शाई लावली. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, क्रीडामंत्री, आरोग्यमंत्री, अन्नमंत्री, पाणीमंत्री असं सगळं मंडळ झालं. बातमी आली. मग ऑगस्ट, सप्टेंबर, दिवाळी. मंत्र्यांकडे काम म्हणाल तर परिपाठात रांगा लावणं आणि पाहुणे आले की गुलाबाचं फूल देणं.

डिसेंबरात एका सकाळी पाणीमंत्री माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बारकी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, एका पायातल्या चपलेचा अंगठा तुटून तारेनं बांधलेला. शाळेत १,००० लिटरची काळी प्लॅस्टिकची टाकी होती. पाणी चोरीला जाऊ नये म्हणून तिच्या नळावर लोखंडी पेटी बसवून घेतली होती, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. आदल्या दिवशी मी शाळांच्या केंद्राच्या बैठकीला गेले होते, दुपारी उशिरा परतले. तोवर माठ रिकामे पडले होते, मावशींची खिचडी खोळंबली होती. दुसऱ्या दिवशी ही पोर समोर. म्हणाली, “बाई, पाणीमंत्री मी हाय नव्हं? मग किल्ली तुमच्याकडं का?”

मला उत्तर देता आलं नाही. लहान आहेस, हरवशील, असलं काहीतरी पुटपुटले असेन. ती हलली नाही. मी पर्समधून किल्ली काढून दिली. तिनं ती वेणीच्या रिबिनीत ओवून गळ्यात घातली.

तिनं काय केलं पाहा. एक शंभर पानी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या. तारीख, किती घागरी काढल्या, कुठल्या वर्गाच्या माठात किती, खिचडीला किती, शेवटी सही. आमची घागर १५ लिटरची. रोज १८, २०, २१, १९ असे आकडे पडू लागले. मी तिला वही ठेवायला सांगितलं नव्हतं. आमच्या पोषण आहाराच्या नोंदवह्या ती लांबून बघत असणार. जिम्मा हातात आला आणि हिशोब त्याच्या पाठोपाठ आपसूक आला.

जानेवारीत घोटाळा झाला. संक्रांतीच्या आदल्या शनिवारी टँकरनं टाकी भरली, सकाळची शाळा सुटली आणि नळ नीट बंद झाला नाही. मंगळवारी शाळा भरली तेव्हा टाकीत तळाला चिखल. अंगणात निंबाच्या झाडापर्यंत ओल पसरली होती, तिथं गावातली कोंबडी चोची मारत होती. ज्या गावात बाया दोन घागरींसाठी पहाटे चारला उठतात, तिथं हजार लिटर पाणी मातीत गेलं. पालक आले, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आले. एक जण मला म्हणाले, “बाई, पोरांच्या हातात किल्ली देतात का कुठं?” आणि मी मुलांसमोर, भर परिपाठात, त्या पोरीच्या गळ्यातून किल्ली काढून घेतली.

ती रडली नाही. काही बोललीही नाही. त्या दिवसापासून टाकीकडे फिरकलीच नाही. वही कपाटावर पडून राहिली. त्या वहीतल्या आठ ओळी मला अजून आठवतात. तारखा कुणीतरी आधीच घालून ठेवल्या होत्या, पुढचे रकाने कोरे.

मला वाटेवर आणलं ते आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी. त्या सातवी नापास, पण शाळेत पोषण आहार शिजायला लागल्यापासून रोज शंभर पोरांच्या तोंडात घास घालणाऱ्या. चवीच्या रजिस्टरवर सही करायला मी स्वयंपाकघरात गेले होते. मावशी भांडं घासता घासता म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. गेल्या वर्षी माझ्या हातनं भात करपला व्हता. तवा तुम्ही माझी चूल काढून घेतली व्हती काय?”

मी खरंच घेतली नव्हती. उलट पाण्याचं माप आणि जाळ कुठे चुकला, हे आम्ही दोघींनी बसून बघितलं होतं. मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करायची असते हे मला कळत होतं, आणि मुलाची चूक झाली की त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं हेही मला तितकंच स्वाभाविक वाटत होतं. ३४ वर्षांच्या नोकरीत ज्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते, ती ही.

दुसऱ्या दिवशी परिपाठात, जिथं घेतली होती तिथंच, मी किल्ली परत दिली आणि माझं चुकलं असं मुलांना सांगितलं. ते सांगताना माझा आवाज थरथरला. पोरीनं किल्ली घेतली आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, “एकट्यानं बंद करायचं नाय. दोघांनी बघायचं, दोघांनी सही करायची.” वहीत एक रकाना वाढला. पुढे मी निवृत्त होईपर्यंत ती पद्धत चालू होती. पाणीमंत्री बदलत गेले, दोन सह्या राहिल्या.

मग आला २६ जानेवारी. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाला प्रभात फेरी निघते, झेंडावंदन होतं, मुलांची भाषणं होतात, लाडू-चिवडा मिळतो आणि मुलं घरी जातात. त्याच दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभाही असते. मुलं लाडू खात गेली की मोठी माणसं सतरंजीवर बसतात, आणि बऱ्याचदा गणपूर्तीसाठी वाट बघत बसतात. गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी तो भरावा लागतो, आणि तोही भरत नाही. माझ्या मनात आलं, लोकशाहीचं भाषण पाठ केलेली मुलं लोकशाही सुरू व्हायच्या वेळेलाच घरी का जातात? त्या वर्षी मी सहावी-सातवीच्या मुलांना थांबवलं. आदल्या दिवशी बालसभा घेतली होती. ग्रामसभेत काय मांडायचं ते मुलांनीच ठरवलं होतं, आणि कुणी मांडायचं तेही.

पाणीमंत्री उभी राहिली. ती मतदार नाही, तिला मत नाही, पण सरपंचांच्या परवानगीनं बोलता येतं. हातात ती वही. शिबिरात शिकवतात तसं ती कुणाच्या डोळ्यांत बघून बोलली नाही, वहीतच बघून बोलली. आवाजही मोठा नव्हता. म्हणाली, “आमची टाकी हजार लिटरची हाय. रोज वीस घागरी लागत्यात, म्हंजी तीनशे लिटर. टँकर पाचव्या दिवशी येतोय. चवथ्या दिवशी टाकीत शंभर लिटर उरतंय. मग पोरं घरनं बाटल्या आणत्यात. ज्येंच्या घरीच पाणी नाय त्येंनी काय आणायचं?”

सभा गप्प झाली. वहीतल्या आकड्यांवर कुणाला काही बोलता येईना. आमच्या सरपंच त्या वेळी एक बाई होत्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या, नेहमी डोक्यावर पदर घेऊन बसायच्या, बोलायचं काम त्यांचे मालक करायचे. त्या दिवशीही मालकांनी “बघू, बघू” म्हणायला सुरुवात केली होती. बाईंनी वही मागून घेतली, दोन पानं उलटली आणि स्वतः म्हणाल्या, “चवथ्या दिवशी सकाळची पयली खेप शाळंत. लिवा तसं.” ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहिलं. त्या बाई सभेत स्वतःच्या तोंडानं निर्णय सांगताना मी पहिल्यांदा पाहिल्या.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं असं मी म्हणणार नाही. दोन आठवडे खेप वेळेवर आली, मग एका लग्नघराकडे वळली. पाणीमंत्री आणि तिचा उपमंत्री वही घेऊन ग्रामपंचायतीत गेले, तेव्हा पुन्हा आली. मार्चमध्ये टँकरच दोन दिवस बंद पडला आणि मुलांच्या हाती काहीच उरलं नाही. पण काय मागायचं, कुणाकडे मागायचं आणि कशाच्या आधारावर मागायचं, हे ११२ मुलांच्या त्या शाळेला कळलं होतं. ती मुलगी पुढे कोण झाली ते मी मुद्दाम लिहीत नाही. ती कलेक्टर झाली असती तरच हे सांगण्याजोगं ठरलं असतं, असं मला वाटत नाही.

त्या वर्षापासून आम्ही खाती खरी केली. अन्नमंत्र्याच्या हातात तराजू दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हे शासनाचं माप. हजेरी झाली की तो वर्गावर्गातून आकडे आणायचा. खालच्या वर्गांत ७१ हजर, वरच्या वर्गांत ३०, म्हणजे ७ किलो १०० आणि ४ किलो ५००, एकूण ११ किलो ६०० ग्रॅम. मावशींसमोर मोजून द्यायचा. हे गणित त्याला पुस्तकातून कधीच जमलं नव्हतं. दुसरं एक खटकत होतं तेही मोडलं. मुली आरोग्यमंत्री आणि मुलगे क्रीडामंत्री, हे आमच्याकडे जणू ठरूनच गेलं होतं. खात्यांच्या चिठ्ठ्या टाकायला लागलो. अंगण झाडायची पाळी मुलग्यांवर आली तेव्हा दोन घरांतून तक्रार आली. त्या आयांना मी शाळेत बोलावलं, चहा दिला, आणि पाळी बदलली नाही.

निवडून येणारी मुलं बहुधा बोलकी असतात, नाहीतर मोठ्या घरची. हे लहान गावात फार जाणवतं. ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याला मतं. म्हणून निवडणूक झाली तरी प्रत्येक खात्यात पाच-सहा मुलांचा गट ठेवायचा आणि दर महिन्याला गटाचा प्रमुख बदलायचा, असं ठरवलं. निवडणुकीत कुणी नावही सुचवलं नसतं अशा मुलांनी महिनाभर चोख कामं केलेली मी पाहिली. तोतरा बोलणारा एक मुलगा होता. त्याच्या महिन्यात वाचनालयाचं एकही पुस्तक हरवलं नाही.

नेता कसा निवडायचा या बाबतीत मोठी माणसंही गोंधळलेली आहेत. हाणामाऱ्या होतात म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद केल्या आणि परीक्षेत पहिला येणाऱ्याला वर्गप्रतिनिधी केलं. आमच्या पहिल्या नंबरच्या मॉनिटरचीच ती मोठी आवृत्ती झाली. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, २०१९ साली त्या होणार म्हणून जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. मार्क चांगले पडणारी मुलं मला फार आवडतात, मी त्यांच्यासाठीच झिजले. पण चार जणांना बरोबर घेऊन अडलेलं काम पुढे नेणं ही निराळी गोष्ट आहे. ती उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

माझे वडील साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात राहून शिकले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणाऱ्या अण्णांनी नेतृत्वाचे वर्ग कधी घेतल्याचं वडिलांनी सांगितलं नाही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचं वाक्य आमच्या घरात रोजच्या बोलण्यात असायचं. वडील सांगायचे ते पाळीचं. स्वयंपाकाची पाळी, झाडलोटीची पाळी, शेतावरच्या कामाची पाळी. ज्याची पाळी त्याचा शब्द त्या दिवशी चालायचा, मग तो कुठल्याही जातीचा असो, वयानं कितीही लहान असो. वडील अत्यंत अबोल होते. पण गावात विहिरीच्या पाण्यावरून भांडण पेटलं की लोक त्यांना बोलवायला यायचे, हे मी लहानपणी पाहिलंय.

एक गोष्ट पैशांची. ती शिक्षकांना जास्त अवघड जाते म्हणून सांगते. मी स्काऊट-गाईड चळवळीतलं गाईडचं प्रशिक्षण घेतलं होतं. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर ही चळवळ काढणाऱ्या बेडन पॉवेलनी वीसेक मुलांचा पहिला तळ टाकला, तेव्हाच मुलांचे चार संघ करून प्रत्येकाचा संघनायक मुलांतूनच नेमला होता. आपल्याकडे स्काऊट-गाईडमध्ये सहा ते आठ जणांचा संघ आणि त्याचा नायक ही पद्धत आजही आहे. त्याच चळवळीतला ‘खरी कमाई’ हा उपक्रम बहुतेक शाळा करतात. मुलं भेळ, भजी, लिंबू सरबत करून विकतात. आमच्याकडे एका वर्षी खर्च वजा जाता १,३४० रुपये उरले. अशा वेळी पैसे शिक्षकांकडे जमा होतात आणि शिक्षक काहीतरी योग्य ते आणतात. मला वाचनालयासाठी पुस्तकं हवी होती. मुलांनी बालसभेत दीड तास वाद घालून व्हॉलीबॉल आणि जाळी घ्यायची ठरवली. मला ते पटलं नव्हतं, तोंडापर्यंत शब्द आले होते. पण पैसे त्यांनी मिळवले होते आणि ठरवायचं त्यांनी होतं. जाळी आली. दोन महिन्यांत ती फाटली, कारण रात्री ती काढून ठेवायची कुणी ते ठरलंच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या वादात पहिला प्रश्न एका पाचवीतल्या मुलानं विचारला: “आणलं तर ते सांभाळायचं कुणी?”

हे पत्र वाचून कामावरच्या शिक्षकांना राग येईल, याची मला जाणीव आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, ऑनलाइन माहित्या भरायच्या, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, आणि वर ही जुनी बाई सांगतेय की मुलांना किल्ल्या द्या. त्यांचं चुकत नाही. मुलांवर काम सोपवलं की सुरुवातीला ते दुप्पट वेळ खातं. स्वतः केलं तर दहा मिनिटांत होतं ते मुलांकडून करून घेताना तास जातो, आणि वर पाणी वाया गेलं तर बोलणी शिक्षकालाच बसतात. माझ्यासारखं कुणी त्या क्षणी किल्ली काढून घेतली तर मी त्याला दोष कसा देऊ? म्हणूनच पालकांना आणि अधिकाऱ्यांना सांगावंसं वाटतं: मुलांच्या हातून जाळी फाटली, नळ चालू राहिला, तर शिक्षकाला एक वेळ सांभाळून घ्या. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिलंय ते फक्त बिलांवर सह्या करायला नाही. अशा दिवशी शाळेच्या बाजूनं उभं राहायलाही आहे.

नातीच्या शाळेत मी गेले होते. तिथल्या बाईंशी नीट बोलले, त्यांनीही ऐकून घेतलं. मी एवढंच विचारलं, जिन्यात नावं लिहिण्याऐवजी या मुलींना मधल्या सुट्टीत पहिलीच्या पोरांना डबे उघडून द्यायचं, पाण्याच्या बाटल्या भरायचं काम देता येईल का? बघू म्हणाल्या. नातीनं मात्र वाट बघितली नाही. वही बाईंना परत दिली आणि सईला जाऊन सांगितलं. बिल्ला गेला. मुलगा नाराज आहे, साडेचार हजार फुकट गेले म्हणतो. पोरी पुन्हा एकत्र डबा खातात.

संपादक महोदय, आता मागणं आपल्याकडे. जुलैमध्ये आपण हे फोटो छापता ते बंद करू नका. कात्रण घरी नेऊन आईला दाखवणाऱ्या पोराचा चेहरा मी पाहिलाय. पण आपल्याकडे तारखा आहेत, शाळांची नावं आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांतल्या पाच शाळांत आपला वार्ताहर पाठवा. मुख्याध्यापकांना आधी कळवू नका, आणि मुख्याध्यापकांशी नंतर बोला. आधी पाणीमंत्र्याला विचारा, टाकीची किल्ली कुठे आहे? अन्नमंत्र्याला विचारा, आज किती किलो तांदूळ शिजला? वाचनालयाच्या कपाटाचं कुलूप कोण उघडतं? बालसभेची वही असेल तर तिच्यातली शेवटची तारीख कोणती? आणि जे सापडेल ते त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा. ज्या शाळेत काही चुकलंय आणि तरी किल्ली मुलांकडेच आहे, ती बातमी सगळ्यांत वर घ्या.

माझ्या तालुक्यातल्या शाळांना वार्ताहर येणार असेल तर मी बरोबर येईन. सकाळी साडेदहाला परिपाठ सुरू होतो, त्याआधी पोचावं लागेल. पहिला माठ तेव्हा भरतात.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
दहिवडी, ता. माण, जि. सातारा